आधी हत्यार, मग वाद्य

आमच्या पालघर जिल्ह्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक तारापूरचं अणुवीज केंद्र आणि दुसरी वारली चित्रं. त्या चित्रात गोल धरून नाचणारी माणसं असतात आणि मधोमध एक जण लांबडं वाद्य फुंकत उभा असतो. तो तारपावाला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. पुढं 2026 साली जव्हारकडच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचंही नाव पद्मश्रीच्या यादीत आलं. चित्राचा मान झाला, वादकाचाही झाला. पण तारपा बनवतात कशानं, हे कुणी फारसं विचारत नाही. मी त्याच्याही एक पायरी मागं जाऊन लिहिणार आहे. तारपा, घांगळी, सतार, गिटार बनवायला जी हत्यारं लागतात, ती कोण बनवत होतं?

आमचं गाव बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला. मी 1977 साली दहावी झालो आणि शेतीत पडलो. आमच्या शेताला लागून एक वारल्यांचा पाडा. तिथं एक आजा होता. तारपे बनवायचा आणि कुणी सांगितलं तर घांगळीही. मी शाळेतून आलो की त्याच्या अंगणात जाऊन बसायचो. त्याची सगळी हत्यारं एका बांबूच्या टोपलीत मावत. छोटा कोयता, मोडक्या विळ्याच्या टोकाची केलेली सुरी, छत्रीची एक काडी, सायकलच्या चाकाची एक तार, बैलगाडीचा एक लांब खिळा, टोकाला आकडा वळवलेली जाड तार आणि काळ्या पाषाणाचा गुळगुळीत दगड. बस्स. यातली एकही वस्तू त्याने दुकानातून हत्यार म्हणून आणली नव्हती. कोयत्याचं पातं लोहाराकडचं, पण मूठ याची. बाकी सगळं दुसऱ्याचं मोडलेलं, याने घडवलेलं.

छत्रीची काडी, सायकलची तार आणि खिळा ही त्याची भोकं पाडायची हत्यारं. बांबूला पोलादी गिरमिटाने भोक पाडायला गेलं की उभी चीर जाते. म्हणून तो लोखंड चुलीतल्या निखाऱ्यात लाल करायचा आणि जाळून भोक पाडायचा. जळलेल्या भोकाची कड कडक होते, तिथून बांबू फुटत नाही आणि कीडही लवकर लागत नाही. तीन जाडीच्या तीन सळया, म्हणून भोकंही तीन मापांची. कुठली सळई कुठल्या भोकाला, हे त्याच्या हातालाच ठाऊक. मी एकदा खिळा उचलायला गेलो तर म्हणाला, "पोरा, हात नको लावू, तापलाय तो." लाल रंग गेलेलं लोखंडसुद्धा भाजतं, हे मी तिथं शिकलो.

ज्यांनी तारपा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर वाळलेला भोपळा, त्यात फुंकायचं. भोपळ्याखाली दोन बांबूच्या नळ्या, त्यांना बोटांची भोकं. नळ्यांच्या वरच्या तोंडाला, भोपळ्याच्या आत, बांबूच्याच पातळ जिभा. खाली ताडाच्या पानांचा मोठा कर्णा. सगळे सांधे मधमाशीच्या मेणाने बुजवलेले. वाजवणारा नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहतो, म्हणून आवाज मधे तुटत नाही. भात झोडून झालं की तारपा बाहेर निघायचा आणि रात्र रात्र चालायचा.

यातलं सगळ्यात नाजूक काम जिभेचं. बोरूएवढ्या नळीला एका बाजूने चीर देऊन पातळ पट्टी उचलायची, ती हवेने थरथरली पाहिजे. आजाची विळ्याच्या टोकाची सुरी फक्त यासाठीच. तिने कधी कांदा कापलेला मी पाहिला नाही. जिभेचा आवाज उंच झाला तर टोकावर मेणाचा कण ठेवायचा, टोक जड झालं की आवाज उतरतो. आवाज खाली असला तर टोकाकडून अगदी केसभर तासायचं, टोक हलकं झालं की आवाज चढतो. आता केसभर म्हणजे किती? सुरीची धार जेवढं सोसेल तेवढं. धार बोथट असेल तर केसभराचं नखभर होतं आणि जीभ फुकट जाते. म्हणून तासायला दहा मिनिटं आणि धार लावायला अर्धा तास, असा त्याचा हिशेब.

घांगळी हे तंतुवाद्य. आमच्या भागातली गिटारच म्हणा. बांबूची दांडी, तिला खाली दोन भोपळे, वर तारा आणि दांडीवर मेणाने बसवलेले पडदे. भगत ती मांडीवर घेऊन कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा लावतो. मेणाचे पडदे असल्यामुळे सूर चुकला तर पडदा थोडा गरम करून सरकवता येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं गिटारीपाशी तिचं काम आहे.

आकडेवाली तार कशाला? भोपळा आतून साफ करायला. भोपळा वेलावरच पिकून वाळू द्यायचा. मग देठाकडं भोक पाडून आत पाणी भरून काही दिवस ठेवायचा. गर कुजतो. तो आकड्याने ओढून काढायचा, मग आत बारीक खडे आणि पाणी घालून खळखळ हलवायचा. खडे आतून घासतात. म्हणजे नदीतले खडेही हत्यारच. आणि मी शेतकरी आहे म्हणून सांगतो, भोपळ्याचा मांडवसुद्धा हत्यारच आहे. भोपळा लोंबता वाढला तर मान सरळ येते, जमिनीवर पडून वाढला तर बूड बसकं होतं आणि मान वाकते. कुठल्या वाद्याला कसा भोपळा पाहिजे ते जूनमध्ये बी टोचतानाच ठरवावं लागतं. सुतार लाकूड घडवतो, इथं शेतकरी भोपळा घडवतो.

या माणसांकडं हत्यारं इतकी थोडी आणि इतकी जपलेली का, याला इतिहास आहे. 1864 साली मुंबई रेल्वेने सुरतेकडं जोडली गेली आणि आमचा मुलूख तिच्या वाटेत आला. रेल्वेला लाकूड पाहिजे, मुंबईला इमारती लाकूड आणि कोळसा पाहिजे. 1878 साली जंगलाचा कायदा आला, 1927 साली दुसरा आला. त्या 1927 च्या कायद्यात बांबूची गणती झाडात केली होती. खरं तर बांबू हे गवत, शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं. पण कागदावर तो झाड झाला आणि नळीपुरता बांबू तोडणारा गुन्हेगार. वन हक्काच्या 2006 च्या कायद्याने बांबू, मध, मेण हे गौण वनोपज म्हणून आदिवासींच्या हक्कात धरलं. जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या व्याख्येतून निघायला 2017 साल उजाडलं. तारप्याचा कच्चा माल बघा, बांबू, मेण, ताडाचं पान. जवळजवळ सगळा या कायद्यांच्या कचाट्यातला.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे वेठ. सावकार-जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं. आजा सांगायचा की त्याच्या बापाला तारपा बनवायला फक्त रात्र मिळायची. 1945 च्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी मोठी सभा झाली आणि वारल्यांनी वेठ करणार नाही अशी शपथ घेतली. गोदावरी परुळेकर आणि किसान सभेची ती चळवळ. इतिहासात तिची नोंद मजुरीच्या लढ्याची आहे, ती बरोबरच आहे. मी त्यात एवढंच घालीन की हत्यार बनवायला माणसाचा दिवस आधी त्याच्या मालकीचा असावा लागतो. ज्याचा दिवसच दुसऱ्याचा, तो धार कधी लावणार?

आता थोडं घाटावर जाऊ. मिरज सतारीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं वाद्यं करणारी मूळ घराणी कोण? शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे, पाणी देणारे कारागीर. 1818 साली पेशवाई बुडाली, लढाया संपल्या, तलवारी खुंटीला लागल्या. मिरजेला पटवर्धनांचं संस्थान होतं, गाण्याची आवड होती, उत्तरेकडचे गवई यायचे. त्यांची वाद्यं मोडली की दुरुस्तीला कुणी नव्हतं. साधारण 1850 च्या सुमाराला फरीदसाहेब शिकलगार यांनी ती दुरुस्त करता करता तंबोरा बनवला आणि मग धंदाच उभा राहिला. भोपळे पंढरपूरकडून, भीमेच्या काठावरून यायचे. पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले आणि मिरजेचं नाव गाण्यात पक्कं झालं.

मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की सुताराने नाही, धार लावणाऱ्याने वाद्य बनवलं. ज्याला पोलाद कळतं त्याला पटाशी, रंधा, कानस यांच्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागत नाही. सतारीच्या घोडीवर तार जिथं टेकते तो पृष्ठभाग अगदी किंचित उताराचा घासावा लागतो, त्याला जवारी काढणं म्हणतात. त्यावर आवाजाची गोडी ठरते. ते डोळ्याने दिसत नाही, कानाने घासायचं असतं. तलवारीची धार बोटाने पारखणाऱ्याच्या वंशजांनाच ते साधलं, यात मला नवल वाटत नाही.

पोलादाला पाणी देणं म्हणजे काय, हे आता पोरांना माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो. पोलाद लाल होईपर्यंत तापवायचं. किती लाल? लोहचुंबक चिकटायचा थांबला की पुरे. मग तेलात किंवा पाण्यात एकदम बुडवायचं. ते काचेसारखं कडक होतं, पण काचेसारखं फुटतंही. म्हणून घासून चकचकीत करून परत हळू तापवायचं आणि रंगावर डोळा ठेवायचा. वाळल्या पेंढ्यासारखा पिवळा रंग आला की थांबायचं, ती पटाशीची धार. निळा रंग आला तर कमानीसारखी लवचिक होते, धार फार टिकत नाही. आमच्या गावचा लोहार संध्याकाळीच पाणी द्यायचा. दिवसाच्या उजेडात लाल रंग फसवतो.

ही विद्या आमच्या किनाऱ्यावर अजून जिवंत आहे. चिंचणी, वरोर, वाढवण, तारापूर या पट्ट्यात घरोघर डायमेकिंग चालतं. सोन्याचांदीच्या दागिन्यांचे पोलादी साचे कोरतात. सोनार त्यावर पत्रा दाबून नक्षी उठवतो. मी एका ओळखीच्या घरी ओटीवर बसून पाहिलं. एका फुलासाठी त्याच्यासमोर वीसेक छिन्न्या आणि टोचे मांडलेले. प्रत्येकाचं टोक वेगळं. एक पाकळीच्या कडेचा, एक पाकळीच्या पोटाचा, एक परागाच्या ठिपक्याचा. मी विचारलं, हे कुठं मिळतात? तो हसला. म्हणाला, "काका, फूल गिऱ्हाईक सांगतो, टोचा आपणच करायचा. नवं फूल आलं की नवा टोचा." घासायचा, पाणी द्यायचं, पुन्हा घासायचा. म्हणजे दागिना करणाऱ्याचं हत्यार हा करतो आणि हत्याराचं हत्यारही हाच करतो.

तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं. बोईसरला एमआयडीसी वाढत गेली. आमच्या भागातली शेतं कंपन्यांत गेली, पोरंही कंपन्यांत गेली. त्यात एक गोष्ट आली, ती म्हणजे चांगल्या पोलादाचं भंगार. मोडलेली हॅकसॉ ब्लेडं, बेअरिंगं, पट्टीकरवतीचे तुकडे. पूर्वी विळ्याच्या टोकावर भागवावं लागायचं, आता भंगारवाल्याकडं किलोवर पोलाद मिळतं.

त्याच 1969 साली तिकडं अमेरिकेत मार्टिन नावाच्या गिटार कंपनीने पाठी आणि कडांसाठी ब्राझीलचं लाकूड सोडून आपल्या देशाची शिसव वापरायला घेतली. ब्राझीलने ओंडके बाहेर देणं बंद केलं म्हणून. या कंपनीचा मूळ पुरुष जर्मनीचा. तिथल्या व्हायोलीनवाल्यांच्या संघाचं म्हणणं होतं की गिटार बनवायचा हक्क आमचा, लाकूडसामान करणाऱ्या सुतारांचा नाही. तो 1833 साली देश सोडून अमेरिकेला गेला. कुणी काय बनवायचं हे जातीवर ठरवणं आपल्याकडंच होतं असं नाही.

हे सगळं मला कळलं माझ्या भाच्यामुळं. तो बोईसरला एका कारखान्यात टर्नर आहे. गिटार वाजवतो. त्याने ठरवलं की गिटार स्वतः बनवायची. माझ्याकडं आला तो जुन्या पलंगाचे शिसवी पाय आणि फळी मागायला. मी दिली. महिनाभराने परत आला. म्हणाला, "मामा, लाकूड आहे, पण हत्यारं नाहीत. बाहेरून मागवायची तर गिटारीपेक्षा महाग." मी म्हटलं, मग हत्यारंच बनव आधी.

गिटारीच्या कडा दोन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या असतात, त्या वळवाव्या लागतात. त्यासाठी त्याने लोखंडी पाइपाचा तुकडा आडवा बांधला आणि आत निखारे घातले. ओली पट्टी त्यावर दाबत दाबत वळवायची. हे मला नवीन नव्हतं. इरल्याच्या बांबूच्या कामट्या आम्ही जाळावर अशाच वळवायचो. दोन पट्ट्या त्याच्या फुटल्या. तो घाई करत होता. मी सांगितलं, कामटी वळायला तयार झाली की हाताला आपणहून सैल लागते, तोवर जोर करायचा नाही. तिसरी वळली.

पडद्यांचं काम त्याहून अवघड. घांगळीचे पडदे मेणाचे, सतारीचे दोऱ्याने बांधलेले, दोन्ही सरकतात. गिटारीचे पडदे लाकडात चर पाडून ठोकून बसवतात, ते कायमचे. हिशेब असा की तारेची जेवढी लांबी उरते, तिला दर वेळी 17.817 ने भागायचं आणि तेवढ्यावर पुढचा पडदा. जुने कारागीर सरळ 18 ने भागायचे. तार 650 मिलिमीटरची असली तर पहिला पडदा साडेछत्तीस मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, 325 वर. चर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, एवढाच पाहिजे. दुकानातल्या करवतीने तो रुंद पडतो आणि पडदा सैल बसतो. भाच्याने मोडकं हॅकसॉ ब्लेड घेतलं, दोन्ही बाजूंनी दातांचा फाकलेपणा दगडावर घासून उतरवला, वर लाकडी पाठ बसवली. अशी त्याची करवत झाली. पट्टीकरवतीच्या तुकड्याची खरवडणी केली, लाकडाची पाठ पातळ करायला. त्या खरवडणीने लाकडाचा भुसा पडत नाही, कांद्याच्या सालीसारखी पारदर्शक साल निघते. मी हातात घेऊन पाहिली. मला आजाची सुरी आठवली.

आजा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्याचा मुलगा नोकरीसाठी लांब गेला, घर पडलं. टोपली भंगारात गेली. लोखंड म्हणून तिचं वजन किलोभर असेल. नंतर पाड्यातल्या एका तरुणाने तारपा करायला घेतला. हात चांगला होता. जुना तारपा बघून बांबू कापला, भोपळा माझ्याच बांधावरचा घेतला. पण भोकं पाडायला त्याच्याकडं एकच सळई. तारपा वाजला, पण त्यावर जुनी चाल बसेना. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, हा आमचा तारपा नाही, नाचता येत नाही यावर. छत्रीची काडी, सायकलची तार आणि गाडीचा खिळा ही नुसती लोखंडं नव्हती. ती मापं होती. त्या पाड्याचा सूर त्या तीन जाडींत ठेवलेला होता आणि कुणी तो कागदावर उतरवला नव्हता.

शेवटी जुन्या तारप्याच्याच भोकांत वेगवेगळ्या तारा घालून पाहिल्या. माझ्या भाच्याने कारखान्यातलं मोजमापाचं कॅलिपर आणलं, दोघांनी बसून तीन जाड्या काढल्या आणि तशा तीन सळया घासून केल्या. एक बरोबर जमली, दोन अजून थोड्या इकडंतिकडं आहेत. काम चालू आहे. गिटारवाला आणि तारपावाला एका ओटीवर बसून एकाच कानशीने घासतात, हे बघायला मिळालं.

माझं स्वतःचं काम भोपळ्याचं. हा कडू भोपळा भाजीचा नाही, म्हणून लोक वेल उपटून टाकतात. मी दर वर्षी बांधावर चार-पाच वेल लावतो, मांडव घालतो, फळं पौषापर्यंत वेलावरच वाळू देतो. भाजीच्या दुधीपासून ते लांब ठेवावेत, नाहीतर परागी मिसळतात आणि पुढच्या पिढीत सालही पातळ होते, भाजीही कडू होते. बी राखेत घोळवून मडक्यात ठेवावं.

ज्यांच्या घरी जुना सुतार, लोहार, वाद्यवाला होऊन गेला असेल, त्यांना एवढंच सांगणं. पेटी भंगारात देण्याआधी एकेक वस्तू बाहेर काढा. जे हत्यार विचित्र वाकवलेलं दिसेल, ज्याची मूठ एका बाजूला झिजलेली दिसेल, ते कशाचं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि चिठ्ठी लिहून त्याला बांधा. जाडी मोजा, लांबी मोजा. मग वाटलं तर द्या भंगारात.